मैनेले करंट येत नाई

आधीच सांगून ठेवते, मैना म्हनजे बाई नाई. ट्रक हाय. पेट्रोलवर चालनारी, मिलिटरीच्या लिलावातून माह्या सासऱ्यानं आनलेली, अन् समोरच्या पाटीवर पिवया रंगानं "मैना" लिवलेली. आमचे हे फोनवर कोनाले म्हनतेत, "मैना आज उठलीच नाई, सकायपासून आंग टाकून बसली," तं समोरच्याले वाटते, खुशालरावानं म्हातारपनी दुसरी केली. आधी मी समजावून सांगत होती. आता सांगत नाई. लय खोटं बी नाई ते.

मी कौशल्या. आमचं घर अमरावतीले, बडनेरा रोडच्या आतल्या गल्लीत. घरासमोर आंगन हाय, अन् आंगनात मैना उभी हाय, म्हनजे आंगन नाई. कपडे वायवाचे तं मैनेच्या दांडीवर, पापड वायवाचे तं मैनेच्या टपावर. दोन वर्सं झाले, म्या हौसेनं शेवयाचं मशीन घेतलं. मोटरवालं. ठेवाले जागा नाई म्हनून ते बडनेऱ्याले माह्या बहिनीच्या घरी पोत्यात गुंडाळून पडलं हाय. बहीन दर रविवारी फोन करते, "कौशल्या, तुहं मशीन अथीच हाय वं अजून." जसं का ते पयून जानार होतं.

आता दसऱ्याची गोष्ट आयका. आमच्याकडे सायंकायी शिलांगनाहून आलं का सोनं वाटतेत, आपट्याचे पानं. आधी देवाले, मंग मोठ्याईले, मंग घरातल्याईले. दुनियेची रीत अशी. आमच्या खुशालरावाची रीत वेगळी. त्याईचं पह्यलं सोनं मैनेले. मंग देवाले. मंग शेजारपाजार. अन् उरलं, अन् आठोलं, तं मले. चाळीस वर्सं झाले हे चालू हाय.

यंदा बी हे सोनं घेऊन आले तं मैनेचं बोनेट उघडंच होतं. सकायी तिले धुतली, चाकाखाली निंबू फोडले, गल्लीतून एक चक्कर मारली, तरी याईचं मन भरलं नव्हतं. दुपारभर आत हात घालून काहीबाही साफ करून राहिले होते. मी दारात हात पुढं करून उभी. याईनं माह्यासमोरून जाऊन पानं बोनेटवर ठेवले अन् मैनेले हात जोडले. माहं डोस्कं फिरलं. म्या याईच्या हातातलं एक बारकं पान ओढलं, "घे वं बाई, माह्या हातचं बी घे, सोन्यासारखी राह्य," म्हनून तिच्या उघड्या पोटात कोंबलं, अन् तरातरा घरात गेली. गॅसवर वांग्याची भाजी करपून राहिली होती. त्या भाजीच्या नादात पानाचं ध्यानच राह्यलं नाई.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, वावरातून सोयाबीनचं कुटार, म्हनजे भुसा, आनाचं होतं. हे टोपी-उपरनं घालून मैनेत बसले अन् सेल्फ मारला. गुर्रर्र, गुर्रर्र, गुर्रर्र. इंजिन फिरून राहिलं, पन पेट घेत नाई. पुन्हा मारला. तेच. मंग हे खाली उतरले, बोनेट उघडलं, अन् धा-पंधरा मिनिटं आत डोस्कं घालून उभे राह्यले. मी खिडकीतून पाहून राहिली होती. मंग बोनेट लावलं, घरात आले, पाटावर बसले अन् माह्याकडे पाहून म्हनले, "करंट येत नाई."

असे पाहून राहिले माह्याकडे, का जसं काही मी बोलाले पाह्यजे. मले वाटलं, चहा पाह्यजे असन. म्या चहा ठेवला.

आमचा गोपाल कोचिंग क्लासात पोट्ट्याईले फिजिक्स शिकवते. वीज हाच त्याचा विषय. हजार पोट्टे त्याच्या हाताखालून गेले, कोनी इंजिनिअर झाले, पन घरचा मिक्सर बंद पडला तं तो बायकोले म्हनते, "दुकानात देऊन ये." तो संध्याकायी आला अन् बापाची ट्रक बंद आयकून त्याले लय आनंद झाला. त्याच्या नव्या कारले रोडवर उभं राहा लागते ना. तरी म्हनला, "थांबा बाबा, पद्धतशीर पाहू."

पद्धतशीर म्हनजे काय, तं त्यानं पायात गमबूट घातले, हातात माहे भांडे घासाचे रबरी मोजे घातले, अन् भिंतीवर कोयशानं नकाशा काढला. "हे पाह्य माय. ही बॅटरी. बॅटरीतून करंट कॉइलमधी. कॉइलमधून या डब्ब्यात, याले डिस्ट्रीब्यूटर म्हनतेत. डब्ब्यातून प्लगले. प्लगवर ठिणगी पडली का पेट्रोल पेटते. आता हॉर्न वाजते, लाइट लागते, म्हनजे बॅटरी पास."

त्यानं एक प्लग काढला, वायर लावली, इंजिनाले टेकवून धरला अन् मले सेल्फ माराले बसवलं. मी मारला. प्लगवर काहीच नाई. नवे प्लग आनले. काहीच नाई. नवी कॉइल आनली. काहीच नाई. नवी वायर. मंग भिंतीवरच्या नकाशात त्यानं एकेक जागा खोडली, अन् एकच उरली.

"बाबा, डिस्ट्रीब्यूटरची टोपी उघडा लागते."

हे इतका वेय ओट्यावर बसले होते, ते एकदम उठून मैनेसमोर उभे राह्यले. "टोपीले हात लावाचा नाई. ती म्या दसऱ्याले सोता साफ केली."

"म्हनूनच पाहा लागते ना बाबा."

"तुह्या क्लासात पाह्य."

झालं. बापलेकाचं जुंपलं. गोपाल म्हनला, पेट्रोलची ट्रक आता साऱ्या जिल्ह्यात कोनाकडे नाई, हिले भंगारात द्या, भंगारवाला शालिकराम तं तीन वर्सांपासून मांगून राहिला. हे दरखेपेचं बोलनं हाय. दरखेपेले हे पायताण हातात घेतेत, अन् दोन दिवस जेवत नाई. मी सवयीनं भाकरी झाकून ठेवली. पन यावेळेस पायताण पायातच राह्यलं. हे माह्याकडे पाह्यले, मंग खाली पाह्यले, अन् म्हनले, "रविवारी चार वाजेपर्यंत चालू नाई झाली, तं बोलाव शालिकरामले. मी आडवा येनार नाई."

माह्या हातातला झारा खाली पडला. गोपालनं मोजे काढले अन् हात धुतले.

आता खरं सांगते, मले कोनाचं भेव नाई. मले आनंद झाला. दुसऱ्या दिवशी हे वावरात गेले तं म्या आंगन पावलानं मोजलं. अथी मशीन. अथी पाट. अथून तथपर्यंत दोऱ्या, दोऱ्याईवर शेवया. मैनेच्या मागच्या चाकाच्या जागी म्या मनातल्या मनात एक खुर्ची बी ठेवली, माह्यासाठी. बहिनीले फोन केला, "पोतं सोडून ठेव."

शनिवारी अकोल्याहून डोमाजी मिस्त्री आले. पंच्याहत्तरीचा मानूस, कानात मशीन, पन पेट्रोलच्या इंजिनाचं जेवढं त्याले कयते तेवढं इकडे कोनाले कयत नाई. हे मात्र त्याले बोलावाले तयार नव्हते. गोपालनंच बोलावलं, म्हने, उद्या कोनी म्हनाले नको का लेकानं बापाची ट्रक घाईघाईनं इकली.

डोमाजीनं पिशवीतून एक बल्ब काढला, त्याले दोन वायर. एक वायर कॉइलले लावली, दुसरी इंजिनाले. "वहिनी, सेल्फ मारा. बल्ब लुकलुक करीन."

म्या सेल्फ मारला. बल्ब लागला तो लागूनच राह्यला. लुकलुकला नाई.

"झालं," डोमाजी म्हनले. "डब्ब्यात दोन पॉइंट असतेत, वहिनी. ते एकमेकाले टेकाले पाह्यजे अन् सुटाले पाह्यजे, तवा ठिणगी पडते. हे टेकूनच नाई राहिले. मधात काहीतरी हाय. टोपी काढा खुशालराव, दोन मिनिटाचं काम हाय."

"टोपी सोडून सांगा," हे म्हनले.

डोमाजीले वाटलं कानातलं मशीन बिघडलं. त्यानं ते काढलं, ठोकलं, पुन्हा घातलं. "काय म्हनले?"

"टोपी सोडून काय पाह्याचं ते पाहा."

"अहो, दाताच्या डॉक्टरकडे जाऊन तोंड सोडून सारं तपासा म्हनाल तं दात कसा निंघन?"

हे बोनेटले पाठ लावून, हाताची घडी घालून उभे. डोमाजीनं बल्ब पिशवीत टाकला. पन मानूस शिस्तीचा, रागावला तरी जेवल्याशिवाय गेला नाई. तीन भाकरी खाल्ल्या, ठेचा मांगून घेतला, अन् जाताना दारात म्हनला, "वहिनी, बिघाड ट्रकीत नाई. बिघाड घरधन्यात हाय. त्याचे पार्ट भेटत नाईत."

मले बी पटलं. म्या याईले चांगलं झापलं. "चष्मा लावाची लाज वाटते तुमाले. चष्म्याविना साफसफाई केली, आत काही राह्यलं, अन् आता लोकाईसमोर टोपी उघडाची शरम वाटून राहिली. ट्रक जाऊन राहिली तरी चालते, पन खुशालरावाची चूक निंघाले नाई पाह्यजे." हे नुसते पाह्यले माह्याकडे, तसेच, बुधवारसारखे. म्या पुन्हा चहा ठेवला. चार दिवसात मानसानं इतका चहा पेला का रातच्याले झोप नाई त्याले.

रविवार उजाडला. दुपारी एक वाजता शेजारचे चिंतामणकाका आले. ते पूजापाठ करतेत, मूळचे पुस्तकी बोलनारे. त्याईले कुठून तरी कयलं होतं का आज मैना जानार. खुर्चीत बसून, मैनेकडे पाहत म्हनले, "खुशालराव, दसऱ्याच्या पूजेत काही राहून तर गेलं नाही ना? वाहनाला सोनं दिलं होतं?"

"देल्लं," हे पटकन म्हनले.

"कुठे ठेवलं होतं?"

हे माह्याकडे पाहून राहिले. अन् मले एकदम करपलेल्या वांग्याचा वास आला.

कढई आठोली, भाजी आठोली, त्याच्याआधीचं पान आठोलं. उघडं बोनेट. अन् काय व्हतं ते उघडं, जिथं म्या पान कोंबलं? वाटीएवढा काया डब्बा. टोपी बाजूले काढून ठेवलेली. आत दोन चिमुकले दात.

मी घरात गेली अन् माठाजवय बसली. पानी पेली. मंग हिसाब केला. तीन तास. तीन तास फक्त तोंड बंद ठेवाचं. कोनाले मालूम नाई. याईनं चष्म्याविना टोपी लावली, त्याईनं पान पाह्यलं नाई. शालिकराम येईन, मैनेले घेऊन जाईन, उद्या मशीन येईन. अन् म्या केलं काय होतं? सोनं देल्लं. सोनं देनं काही गुन्हा नाई.

चूप बसनं मले जल्मात जमलं नाई, पन त्या दिवशी दोन तास जमलं. तीन वाजता मी खिडकीशी उभी राह्यली.

हे मैनेले धूत होते. भंगारात जानाऱ्या ट्रकीले कोन धुते? हे धूत होते. माह्या आंघोयीच्या साबनानं. चाकं झाले, दरवाजे झाले, मंग आपलं उपरनं काढून पाटीवरचं नाव पुसलं, एकेक अक्षर. मंग आत चढून गादी काढली. ती गादी म्या शिवली होती, माह्या लग्नातला शालू फाटला तवा त्याच्या कापडाची. ती त्याईनं झटकली, घडी केली अन् ओट्यावर ठेवली. अन् मैनेच्या दाराले हात लावून हयूच म्हनले, "तथी गेल्यावर गपचूप राह्य. त्रास देऊ नोको कोनाले."

आमचं लग्न अकोल्याले लागलं. माहेर माहं तथचं. वरात मैनेत निंघाली, अन् मूर्तिजापूरजवय मैना बंद पडली. नवरदेव बोनेटात, सारे वऱ्हाडी झाडाखाली झोपलेले. धक्का माराले कोनी नाई, तं शालूचा पदर खोचून म्या मारला. नव्या नवरीनं. ट्रक सुरू झाली, हे खाली उतरून माह्याजवय आले अन् म्हनले, "जोर हाय वं तुह्यात." त्याईचं माह्याशी हे पह्यलं बोलनं. मले अजून ते आयकू येते. मले रडू आलं, अन् रडू आलं याचा राग आला.

अंबाड्यातला आकडा उपसला अन् मी आंगनात गेली.

"सरका."

"काय करतं वं?"

"सरका म्हनते ना. बोनेट उघडा. टोपी काढा."

हे सरकले. निमूट बोनेट उघडलं, टोपीच्या दोन्ही पट्ट्या सोडवल्या अन् टोपी बाजूले केली. मी वाकून पाह्यलं. पान व्हतंच. दोन पॉइंटाईच्या मधात बसलेलं, वाळलेलं, तेलानं कायं झालेलं. आकड्यानं हयू हयू ओढलं तं साबूत निंघलं. म्या ते तळहातावर घेऊन त्याईच्या नाकासमोर धरलं.

"म्या टाकलं व्हतं. दसऱ्याले. रागात. करा काय कराचं ते."

"मले मालूम हाय," हे म्हनले.

"काय मालूम हाय?"

"पान. बुधवारीच पाह्यलं. टोपी उघडली तं समोरच व्हतं."

मले वाटलं, माहे कान डोमाजीसारखे झाले. "बुधवारी पाह्यलं? मंग काढलं काहून नाई? चार दिवस साऱ्याईले नाचवलं. पोट्ट्यानं नवी कॉइल आनली. बिचाऱ्या डोमाजीले अकोल्याहून बोलावून उलट्या पावली धाडलं."

हे टोपी हातात फिरवून राहिले. "चाळीस वर्सात तू कधी तिले सोनं देल्लं नाई. अन् यंदा देल्लं, ते बी बराबर पॉइंटात. मले वाटलं, तू तिले निरोप देल्ला."

"मले काय मालूम पॉइंट कुठी असते?"

"हजार खेप सांगतलं म्या तुले."

"आयकलं कोनी?"

"मले वाटलं, आयकलं असन." याईनं टोपीवर फुंकर मारली. "आंगनासाठी इतकी तरसली, तं राहू दे म्हनलं. तुह्या हातचं सोनं मी कसं काढू? काढाचं असन तं तूच काढशीन. नाई काढलं तं शालिकराम."

"अन् मले तोंडानं पुसाले काय झालं व्हतं?"

"पुसलं असतं तं तू खरं बोलली असती," हे म्हनले. "मंग मले झेपलं नसतं."

म्या याईच्या हातातून टोपी घेतली, सोता बसवली, पट्ट्या लावल्या. इतक्यात गोपाल आला, मागून शालिकराम त्याचा टेम्पो अन् दोन मानसं घेऊन. शालिकराम मैनेच्या मागं जाऊन वाकला, सायलेन्सरमधी किती लोखंड हाय ते पाहाले. मी आत चढली अन् सेल्फ मारला.

मैना पह्यल्याच फेरीत पेटली. चार दिवसाचं पेट्रोल तुंबलेलं, असा काया धूर निंघाला का शालिकराम दिसेनाच झाला. दिसला तवा डोये तेवढे पांढरे होते. गोपाल धावत समोर आला. "माय, काय व्हतं? डब्ब्यातला कंडेन्सर व्हता ना?"

मी याईकडे पाह्यलं. याईनं माह्याकडे.

"करंट नव्हता," हे म्हनले. "आता आला."

गोपालनं भिंतीवरच्या नकाशाकडे पाह्यलं, कोयशाचा तुकडा उचलला, अन् तसाच ठेवून देल्ला. शालिकरामले म्या तोंड धुवाले पानी देल्लं, चहा देल्ला. चार वाजले तवा तो टेम्पो रिकामा घेऊन गेला.

मी खाली उतराले दुसऱ्या दाराकडे सरकली तं हे इकडल्या दारानं चढून स्टेरिंगवर बसले. "उतरू नोको. बडनेऱ्याले जाऊ. मशीन आनू."

"आनून ठेवाचं कुठी? तुमच्या डोक्यावर?"

"मागं हौद्यात. ताडपत्री टाकून देतो. मोटरले वायर घरातून काढू. दोऱ्या बांधाले हुक हायेतच." लय दिवसापासून मनात असल्यासारखं सांगून राहिले. "ट्रक उभीच असते. उभ्या उभ्या शेवया होतीन."

आंगनापेक्षा हौदा उंच हाय, कुत्रे-मांजरं येनार नाईत, हे मले बी पटलं. पान अजून माह्या मुठीत होतं. याईनं हात पुढं केला, ते घेतलं, पायजाम्याले पुसलं, अन् पुन्हा माह्या हातावर ठेवलं.

"घे. सोनं."

"मले वापरलेलं सोनं देता काय?" म्या म्हनलं. पान पेट्रोलनं घमघमून राहिलं होतं. पदराच्या टोकाले गाठ मारून म्या ते बांधलं. "अन् पुढच्या वर्सी?"

"पुढच्या वर्सी पह्यलं तुले."

"अन् हिले?"

याईनं गिअर टाकला. मैना गल्लीतून बाहेर निंघाली, अन् चिंतामणकाका दारात येऊन हात जोडून उभे राह्यले.

"हिले तूच देजो," हे म्हनले. "फक्त टोपी लावल्यावर."